धुक्याआधीची फुली

ऑल्डरबी टाऊन फुटबॉल क्लबाच्या नव्व्याण्णव वर्षांत करता येण्यासारख्या बहुतेक सगळ्या चुका करून झाल्या होत्या. एकदा मैदानावर हिरवळीचं समजून गुरांच्या चाऱ्याच्या मुळ्यांचं बी पेरलं गेलं, आणि ऑक्टोबरपर्यंत खेळाडूंच्या गुडघ्यांना ते मुळे आपटायला लागले. एकदा अख्खा संघ परगावी पोचला आणि गणवेशाची पेटी घरीच राहिली, तेव्हा अकराच्या अकरा जण तिथल्या बँडवाल्यांचे कोट घालून खेळले आणि चार गोलांनी हरले. पण कागदात चूक? ती मात्र एकतीस वर्षांत झाली नव्हती, कारण ती एकतीस वर्षं क्लबाचे कागद सिरिल थर्कटलच्या ताब्यात होते.

सिरिल क्लबाचा सेक्रेटरी. गोल मारणाऱ्याला टाळ्या मिळतात, चुकवणाऱ्याला शिव्या मिळतात. सेक्रेटरीला फक्त फोन येतात. पंच ठरवणं, खेळाडूंची नावं लीगकडे नोंदवणं, पाहुण्या संघाला मोजे कुठल्या रंगाचे आणा ते कळवणं, शनिवारी सकाळी मैदानावरच्या पाण्यात बूट बुडवून उभं राहणं, हे सगळं सिरिलचं. नोकरीतही त्याने चाळीस वर्षं शेतांमधल्या चरांच्या पाण्याची उंची मोजली होती. त्या सपाट मुलुखात झाडंसुद्धा वाऱ्याने एका अंगाला कललेली असतात, तसाच तोही उंच आणि थोडा कललेला होता, आणि मे महिन्यातसुद्धा रेनकोट उतरवत नसे.

त्याची एक हिरव्या कापडाची जाडजूड नोंदवही होती. सामना तीनला असला की बरोबर दोनला तो चहाच्या टपरीत, म्हणजे बायकोच्या राज्यात, कोपऱ्यातल्या टेबलावर ती उघडून बसे. मेव्हिस पलीकडे किटल्या चढवत असे आणि हा पट्टी लावून रेघा मारत असे. संघाची यादी, पंचांचं नाव, वाऱ्याची दिशा. अगदी शेवटच्या पानावर बंदी घातलेल्या खेळाडूंचा तक्ता असे: ज्याला तीन सामन्यांची बंदी त्याच्या नावापुढे तीन चौकोन, आणि दर सामन्याला एका चौकोनात फुली. तीही तो दोन वाजताच मारून टाकी. सामन्यानंतर बोटं गारठतात, पावसाने शाई फुटते, आणि हरल्यावर माणसाचं अक्षर बिघडतं, असं त्याचं म्हणणं. गोल तेवढे नंतर लिहायचे, कारण ते बिचारे आधी ठाऊक नसतात.

बंदीतला किंवा नोंद नसलेला खेळाडू कुणी खेळवला, तर त्या क्लबाचे गुण कापले जातात. दुसऱ्यांच्या अशा चुका सिरिलला लांबूनही दिसत. एकतीस वर्षांत त्याने चार क्लबांविरुद्ध लीगला पत्रं लिहिली होती. त्यातलं एक अकरा वर्षांपूर्वी, बारा मैलांवरच्या वेन ब्रिज युनायटेडविरुद्ध. त्यांच्या एका पोराचा अर्ज एक दिवस उशिरा पोचला होता. चषकाच्या उपांत्य फेरीतून वेन ब्रिजला घरी जावं लागलं. त्यांची सेक्रेटरी एनिड स्नेलिंग. तिने त्या नाताळातही नेहमीप्रमाणे शुभेच्छापत्र पाठवलं होतं, फक्त आत सही सोडून काही लिहिलं नव्हतं.

तर, ज्या मोसमाची ही गोष्ट, त्यात ऑल्डरबीला एकच गोष्ट साधायची होती: ईस्ट मार्श लीगच्या पहिल्या श्रेणीतून खाली न घसरणं. वीस क्लब, शेवटचे दोन खाली. बावीस वर्षं ऑल्डरबी त्या श्रेणीत होता. वर चढायची भीती नव्हती, खाली जायची वेळ आली नव्हती. पण पुढचं वर्ष शंभरावं होतं. अध्यक्ष जेराल्ड मॉब्स, मुलखातला मोठा कांद्याचा व्यापारी, याने तंबू ठरवून ठेवला होता, बँड ठरवला होता, पहिल्या श्रेणीतल्या एकोणीस क्लबांना आमंत्रणं कशी जातील त्याचा मसुदासुद्धा सिरिलकडून करून घेतला होता. शंभरावं वर्ष दुसऱ्या श्रेणीत काढायचं म्हणजे, मॉब्स म्हणे, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस सासुरवाडीच्या गोठ्यात साजरा करण्यासारखं आहे.

मोसम सुरू झाला आणि पहिल्या नऊ सामन्यांपैकी सात हरले. प्रशिक्षक नोव्हेंबरात मॉब्सच्या गाडीच्या वायपरखाली राजीनाम्याची चिठ्ठी अडकवून निघून गेला, आणि संघ गोलरक्षकाच्या गळ्यात पडला. त्यानंतर पाऊस लागला. ऑल्डरबीचं मैदान समुद्राच्या पातळीपेक्षा चार फूट खाली आहे. पाण्याला तिथे यायला आवडतं आणि जायला जागा नाही. जानेवारीभर दर शनिवारी सकाळी पंच येई, खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडी, चेंडू जिथे पडे तिथेच गोळ्यासारखा बसून राही, पंच सिरिलकडे बघे, सिरिल चेंडूकडे बघे, आणि दोघं टपरीत चहा प्यायला जात. या मोसमात सिरिलच्या हातात काही उरलं नव्हतं. पाऊस त्याचं ऐकत नव्हता, बचावपटू तर पावसाहून कमी ऐकत होते. त्याच्या हुकमात होती ती फक्त नोंदवही.

आणि डीन पूली. तो कुणाच्याच हुकमात नव्हता. डीन छपरं शाकारायचं काम करी, आणि संघाचे निम्मे गोल एकटा करी. फेब्रुवारीत त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या बचावपटूला मैदानाकडेच्या चरात ढकलून दिलं. तो गडी डोक्यावर हिरवं शेवाळ घेऊन वर आला, आणि डीनला लाल कार्ड आणि तीन सामन्यांची बंदी मिळाली.

"मी ढकललं नाही हो सिरिल," डीन म्हणाला. "तो मागेच सरकत होता. मी फक्त वाट दाखवली."

"पंचांच्या अहवालात 'दोन्ही हातांनी' असं आहे."

"एवढा मोठा माणूस, त्याला वाट दाखवायला दोन हात लागणारच की."

सिरिलने त्याच्या नावापुढे तीन चौकोन आखले. पहिला सामना: फुली, आणि पराभव. दुसरा सामना होल्मीला. दोन वाजता सिरिलने पाहुण्यांच्या खोलीत वही उघडली, फुली मारली, वही मिटली. आणि त्या दिवशी, डीन नसताना, ऑल्डरबीची पोरं जन्मात खेळली नव्हती तशी खेळली. दोन-एकने पुढे होती. सत्तराव्या मिनिटाला समुद्राच्या बाजूने धुकं आलं. आधी पलीकडचा गोल गेला, मग कोपऱ्यावरचं निशाण, मग डावी बगल संपूर्ण. पंचाने कर्णधारांना हाका मारल्या. दोन आवाज आले, माणसं दिसली नाहीत. सामना थांबला. अर्ध्या तासाने पंचाने तो रद्द केला.

रद्द सामना म्हणजे झालाच नाही असं समजायचं. पुन्हा पहिल्यापासून खेळायचा. त्यातले गोल धरत नाहीत, आणि त्यात भोगलेली बंदीही धरत नाहीत. हे नियम सिरिलला आपल्या पत्त्यासारखे पाठ होते. बसमध्ये बसल्या बसल्या त्याने पट्टी काढली, ते दोन सोन्यासारखे गोल सरळ रेघेने खोडले आणि बाजूला लिहिलं: 'धुकं. रद्द.' गोल खोडताना त्याचा जीव असा कळवळला की शेवटचं पान उघडायचं त्याला सुचलंच नाही. तिथली फुली दोन वाजल्यापासून निवांत बसून होती.

तिसऱ्या सामन्यात बरोबरी झाली आणि तिसरी फुली पडली. चौथ्या सामन्यात, क्रॅबटनविरुद्ध, डीन परतला. वाचकाला कळलंच असेल की त्याची एका सामन्याची बंदी अजून शिल्लक होती. क्रॅबटनला कळलं नाही, लीगला कळलं नाही, आणि सिरिलला तर नाहीच नाही. डीनने दोन गोल मारले, ऑल्डरबी दोन-एकने जिंकला, आणि सिरिलने आपली टोपी हवेत फेकली. ती चरात पडली.

तिथून मोसमाने कूस बदलली. तुंबलेले सामने एप्रिलमध्ये आठवड्याला तीन-तीन असे आले. पोरं दिवसा छपरांवर आणि बीटच्या शेतात, संध्याकाळी मैदानात. काही जण उभ्या उभ्या पेंगत. होल्मीचा सामना पुन्हा झाला आणि त्यात ऑल्डरबी हरला. तरीही शेवटच्या शनिवारी हिशेब साधा राहिला होता: बरोबरी झाली तर ऑल्डरबी वाचेल आणि वेन ब्रिज खाली जाईल. नव्वद मिनिटं सिरिल गोलमागच्या कुंपणाला पाठ करून उभा राहिला आणि लोकांच्या आवाजावरून सामना ऐकला. शून्य-शून्य. ऑल्डरबीचे चौतीस गुण, वेन ब्रिजचे बत्तीस. मॉब्सने अठ्ठावन्न प्रेक्षकांना एकेक जाळी कांदे वाटले, आणि मेव्हिसने चहा फुकट दिला. टपरीच्या इतिहासात असं पूर्वी झालं नव्हतं. दोन म्हाताऱ्यांनी काहीतरी भेसळ असेल म्हणून तो घेतला नाही.

रविवारी सकाळी सिरिल स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्षाचा अहवाल भरायला बसला. लीगच्या कागदात प्रत्येक बंदीपुढे भोगलेल्या सामन्यांच्या तारखा लिहाव्या लागतात. पूली, डीन. पहिली तारीख लिहिली. दुसऱ्या फुलीची तारीख बघायला पानं उलटली, तर समोर सरळ रेघ आणि आपलंच सुबक अक्षर: 'धुकं. रद्द.'

मेव्हिस बागेतून बटाट्यांची टोपली घेऊन आली तेव्हा चहावर साय धरली होती.

"चेहरा का असा? कोण गेलं?"

"आपण," सिरिल म्हणाला. "दुसऱ्या श्रेणीत."

त्याने सगळं सांगितलं. क्रॅबटननंतरच्या सामन्याला डीन पाय मुरगळून घरी होता, म्हणून उरलेली बंदी तिथे नकळत फिटली होती; पण क्रॅबटनच्या विजयाचे तीन गुण जाणार, चौतीसाचे एकतीस होणार, वेन ब्रिज वर राहणार. मेव्हिसने ऐकून घेतलं. तिची चौतीस वर्षं या क्लबाचे कप धुण्यात गेली होती.

"हे कुणाच्या लक्षात आलंय?"

"माझ्या."

"तुझ्या सोडून."

"कुणाच्या नाही."

"मग हे बटाटे सोल," मेव्हिस म्हणाली.

त्याने सोलले. इतके जाड सोलले की भाजायला बोराएवढे उरले. दुपारी तो मॉब्सच्या कांद्याच्या वखारीत गेला. वाईट बातमी सांगायला ती जागा चांगली आहे, कारण तिथे कोण कशाने रडतंय ते कळत नाही. मॉब्सने आधी हसून घेतलं, मग खाली बसून घेतलं. मग तो बोलू लागला. त्याच्या आजोबांनी ते मैदान बैल लावून सपाट केलं होतं. लीगचा मुख्य चिटणीस त्र्याऐंशी वर्षांचा आहे, त्याला समोरची भिंत दिसत नाही, तक्त्यातले चौकोन काय दिसणार. त्या चरात पडलेल्या गड्यालासुद्धा आता काही आठवत नसेल. आणि अहवालात एक तारीख इकडची तिकडे लिहिली म्हणून आकाश कोसळत नाही.

"सिरिल, मी तुझ्याकडे आजवर कधी काही मागितलंय?"

"दर आठवड्याला मागतोस."

"ते क्लबासाठी. हे माझ्यासाठी. अरे, माणसं बायकोचा वाढदिवस विसरतात, तुला एक फुली विसरता येत नाही?"

सिरिल म्हणाला, बघतो. आणि त्याने खरोखर बघितलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. सोमवारी सकाळी तो विसरायच्या तयारीनेच बसला. दुसरी तारीख लिहायला पेन टेकवलं आणि हात हलेना. जो हात चाळीस वर्षं चराचं पाणी अर्ध्या इंचानेही वर-खाली लिहायला तयार झाला नव्हता, तो आता साठी उलटल्यावर काय वळणार. मग त्याच हाताने आपण होऊन कोरा कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली. पाचवं पत्र. मजकूर आधीच्या चार पत्रांचाच, फक्त क्लबाचं नाव निराळं.

पत्र घेऊन तो कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी गेला. अर्धं आत सरकवलं आणि उरलेलं चिमटीत धरून थांबला. सुटत नव्हतं. त्याला मॉब्सचे आजोबा दिसले, बैल दिसले, तंबू दिसला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मागे कुणीतरी हळूच खाकरलं. पोस्टात टाकायला वाढदिवसाचं कार्ड घेऊन एक बाई उभ्या होत्या. 'सावकाश होऊ द्या' असं त्या म्हणाल्या, आणि ऑल्डरबीत त्याचा अर्थ आटपा असाच असतो. सिरिल थर्कटलने आयुष्यात कधी कुणाला आपल्यामागे रांगेत ताटकळत ठेवलं नव्हतं. त्याने माफी मागितली आणि बोटं उघडली. तत्त्व वगैरे नंतर लोकांनी म्हटलं. पत्र पडलं ते मागे रांग होती म्हणून.

दुपारी तो गाडी काढून वेन ब्रिजला गेला. एनिड स्नेलिंग परसात वालाच्या वेलांसाठी काठ्या रोवत होती. तिचा क्लब खाली गेला होता, आणि निदान तिला तरी चांगली बातमी आपल्या तोंडून कळावी असं त्याला वाटलं. त्याने टोपी काढून सगळं सांगितलं. एनिडने हातातली काठी पुरती रोवून होईपर्यंत मान वर केली नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"होल्मीचं धुकं. क्रॅबटनचा निकाल पेपरात वाचला, पूली दोन गोल, तेव्हाच बोटांवर मोजलं. मार्चपासून माहीत आहे मला."

सिरिलने विचारलं की लीगला का नाही कळवलं. तिचा क्लब वाचला असता.

"अकरा वर्षांपूर्वी तुझं पत्र आलं ना, तेव्हा मला आठवडाभर अन्न गेलं नव्हतं. वाटलं, हे आपल्या हातून दुसऱ्या कुणाला नको. म्हणून मूग गिळून बसले. समितीला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही." तिने दुसरी काठी उचलली. "आणि तू आता पत्र टाकून आलास."

"सकाळीच."

"म्हणजे आता आमचे सगळे मला विचारणार, एनिड, तुझ्या कसं लक्षात आलं नाही? मी काय सांगू? मी चांगुलपणा करत होते असं सांगू, की डोळे गेलेत असं सांगू? सिरिल, तुझ्या प्रामाणिकपणाने मी दोनदा मेले बघ."

तरी तिने त्याला चहा दिला. दोघं पायरीवर बसून काठ्यांकडे बघत राहिले. ती वाचली होती आणि तो बुडाला होता, पण त्या घडीला दोघांत कोण जास्त पडेल दिसत होतं ते सांगणं कठीण होतं.

लीगचा निर्णय दहा दिवसांत आला: तीन गुण वजा. तो सूचनाफलकावर सिरिलनेच लावला, चार टाचण्यांनी, सरळ. डीन येऊन वाचून गेला.

"म्हणजे मी खेळलो नसतो तरी एवढेच गुण?"

"हरलो असतो तर एवढेच."

"मग मी धावलो कशाला एवढा?" डीन म्हणाला. याचं उत्तर नियमांच्या पुस्तकात नव्हतं. मग त्याने सिरिलच्या पाठीवर थोपटलं आणि तो छपरावर निघून गेला.

सिरिल शिव्यांची वाट बघत होता. त्या आल्याच नाहीत. ऑल्डरबीत चार शिव्या मिळाल्या की समजावं, अजून आपल्याला माणसात धरतात. लोक त्याच्याशी हवामानाबद्दल बोलायला लागले. खाटकाने न मागता दोन सॉसेज जास्त घातले. मॉब्स रस्त्यात भेटला आणि म्हणाला, उद्या वारा पडेल असं दिसतंय. सिरिल घरी येऊन मेव्हिसला म्हणाला की आता क्लबात राहण्यात अर्थ नाही.

जूनमध्ये वार्षिक सभा भरली, टपरीमागच्या लांबट खोलीत. एकवीस जण होते. सिरिलने उभं राहून राजीनामा वाचला. चूक माझी, सर्वस्वी माझी. ज्या माणसाला स्वतःची फुली दिसत नाही त्याने दुसऱ्यांच्या फुल्या मोजू नयेत. नव्या सेक्रेटरीच्या हाती सगळे कागद उद्याच देईन. तो खाली बसला. मॉब्सने आभाराचे चार शब्द बोलून राजीनामा जड मनाने स्वीकारला आणि म्हटलं, सेक्रेटरीपदासाठी नावं सुचवा.

लोक आपापल्या बुटांकडे बघू लागले. गोलरक्षकाला बाहेर बांधलेलं कुत्रं आठवलं. एक जण खिडकी घट्ट लागली आहे का ते बघायला उठला, आणि ती घट्टच असल्यामुळे त्याला परत बसावं लागलं. पहिलं मिनिट गेलं, चौथं गेलं. मॉब्सने डीनकडे बघितलं. डीनने हात वर करून दाखवले. ते डांबराने काळे झाले होते, जणू तो म्हणत होता, या हातांनी वह्या?

"सिरिल," शेवटी मॉब्स म्हणाला, "तात्पुरतं?"

"जेराल्ड, मी चूक केली आहे. माझ्यामुळे क्लब खाली गेला."

"म्हणून तर. तुझी करून झाली. नव्या माणसाची अजून व्हायची आहे."

खोलीत सुटकेची अशी एक लाट गेली की मत मागायच्या आधीच हात वर झाले, काहींचे दोन्ही. सिरिलने मान हलवली, नाही म्हणाला, पुन्हा नाही म्हणाला, पण तेवढ्यात लोक खुर्च्या मागे सारायला लागले होते. सभेचा वृत्तांत लिहायचं काम सेक्रेटरीचं, आणि सेक्रेटरी, जो कोण होता तो, तिथेच बसला होता. त्याने पेन उघडलं आणि विचारलं की सूचक म्हणून कुणाचं नाव लिहू.

"सगळ्यांचं लिही," मॉब्स म्हणाला.

"नियमात एकच सूचक चालतो."

सगळे पुन्हा बुटांकडे बघू लागले. मागच्या बाकावरून मेव्हिसने हात वर केला.

"माझं लिही," ती म्हणाली. "घरी बसलास तर माझा जीव खाशील."

सिरिलने पट्टी लावून तिचं नाव लिहिलं.